खडूच्या रेघेखालचा गुलाब

माझे सासरे कटिंग मास्तर होते. गणवेशाच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी कापड कापलं. शाळकरी पोरं, वॉचमन, नर्सा, बसचे कंडक्टर, सगळे त्यांनी टेबलावर आडवे पाडून बेतले. निवृत्त झाल्यावर हाताखाली कापड राहिलं नाही, तेव्हा त्यांनी घरातल्या माणसांकडे मोर्चा वळवला. मी हे रागाने लिहितेय असं वाटेल. रागानेच लिहितेय. कागदावर मी अडखळत नाही, म्हणून जे सांगायचं ते इथे एकदाचं सांगून टाकते.

तोंडाने मी अडखळते. अगदी लहानपणापासून. सगळ्याच अक्षरांशी माझं वाकडं आहे असं नाही. म, प, ल, स यांच्याशी माझं छान जमतं. वैर आहे ते दोघांशी. 'क' आला की मी त्याच्यावर चार-पाचदा आपटते. आणि 'न' आला की आवाजच बंद. जीभ टाळूला जाऊन चिकटते, आत शब्द तयार असतो, बाहेर काही येत नाही, आणि समोरच्याला वाटतं, बाईंचं बोलून झालं. 'नको' आणि 'नाही' हे दोघेही त्या 'न'च्याच घरातले, त्यामुळे आयुष्यात बऱ्याच गोष्टींना नको म्हणायचं राहून गेलं. लग्नाचं विचारलं तेव्हा मी 'न'वर अडकले होते. तेवढ्यात मुलगी गप्प आहे म्हणजे पसंत आहे, असं ठरवून मंडळी चहा प्यायला लागली. नवरा वाईट निघाला नाही, एवढं नशीब. बापासमोर मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि त्याला तर कुठलंच अक्षर अडत नाही.

सासऱ्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची, सासूबाईसुद्धा मास्तरच म्हणायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नजरेने मापून घेतलं. "छत्तीस. डावा खांदा अर्धा इंच उतरता." मी काहीतरी बोलायला गेले आणि 'क'वर आपटले. मास्तर थांबले नाहीत. "आणि जीभ उसवलेली," ते म्हणाले. "हिचं वाक्य पुरं होईपर्यंत मी एक शर्ट बेतून घेईन." सगळे हसले. नवराही हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. तो शर्ट पुढची अकरा वर्षं आमच्या घरात बेतला जात होता. पाहुणे आले की हमखास.

बरं, नुसती थट्टा असती तर मी सोडून दिलं असतं. पण ते माझी वाक्यं कापायचे. मी "बाबा, दुपारी क... क..." म्हटलं की ते म्हणायचे, "कपडे? वाळत घाल की मग, मला काय विचारतेस." मला सांगायचं असायचं की दुपारी कारखान्यातले त्यांचे जुने सोबती येऊन गेले. पुढचं सगळं ते आपल्या मापाने बेतायचे आणि माझ्या अंगावर टाकायचे. मग चिठ्ठ्यांची सोय सासूबाईंनी काढली. कारखान्यातून आणलेल्या खाकी कागदाची अख्खी गुंडाळी कपाटात पडून होती, नमुने कापायचा तो कागद. त्याचे तुकडे आणि एक पेन्सिल त्यांनी स्वयंपाकघराच्या खणात ठेवली. 'गोळी जेवणानंतर.' 'लाईट बिल भरायचं आहे.' 'ह्यांना आज उशीर.' असं मी लिहायचे आणि मास्तरांच्या चहाच्या कपाखाली ठेवायचे. ते वाचायचे, करायचे. चिठ्ठीवरून त्यांनी कधी थट्टा केली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

सासूबाई वेगळ्या. मी अडकले की त्या हातातलं काम तसंच चालू ठेवायच्या, माझ्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, घाई करायच्या नाहीत. शब्द निघाला की "हं" म्हणायच्या. बस, एवढंच. त्या एका "हं"साठी मी त्या घरात टिकले.

आता फोटोचं सांगते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर चौघांचा फोटो आहे: मास्तर, सासूबाई, माझा नवरा आणि त्याची मोठी बहीण. तिला मी ताई म्हणते, कारण नणंद हा शब्द तर मला सात जन्मात यायचा नाही. माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ताईने घरी सांगितलं की ती एकदा लग्न मोडलेल्या माणसाशी लग्न करतेय. मास्तर ओरडले नाहीत, हात उगारला नाही. फोटो खाली काढला, चौकटीतून सोडवला आणि कपाटातून आपली कापडाची कात्री घेतली. कापडाच्या कात्रीला कागद दाखवायचा नाही, धार जाते, हा त्यांचा नियम. कारखान्यात एकाने त्या कात्रीने पार्सलची दोरी कापली तर त्याला त्यांनी सगळ्यांसमोर रडवलं होतं. त्याच कात्रीने त्यांनी ताईला कापलं. केसांच्या कडेकडेने, कानाच्या वळणाने, सासूबाईंच्या खांद्यावरचा तिचा हातसुद्धा बोट न बोट सोडवून. कुठे एक खाच पडली नाही. ती कापलेली मुलगी त्यांनी ताईच्या हातात दिली आणि फोटो पुन्हा टांगला. दोन दिवसांनी सासूबाईंनी चौकट उघडून त्या भोकामागे ताईच्या जुन्या फ्रॉकचं फुलाफुलांचं कापड लावलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. तेव्हापासून आमच्या भिंतीवर तीन माणसं आणि एक फुलाफुलांची मुलगी आहे.

अडीच वर्षांपूर्वी सासूबाईंना डॉक्टरांनी चार-सहा महिने सांगितले. हे त्यांना माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. आम्ही तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कुंपणाची भिंत आणि सांडपाण्याचा पाइप यांच्यामध्ये मातीचा पट्टा आहे, सहा पावलं लांब, दीड पाऊल रुंद. दुपारी तिथे पाचेक तास ऊन येतं. सासूबाई एक दिवस मला घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या नर्सरीत गेल्या आणि झाडवाल्याला म्हणाल्या, "मला असं झाड द्या की ज्याचं काही करावं लागत नाही."

"झुडपी गुलाब घ्या," तो म्हणाला. "बिनकटकटीचा. फवारणी नको, खताचे लाड नकोत. फुलं लहान, पण झुपक्यानं येतात. आठवड्यातून दोनदा मुळाशी भरपूर पाणी घाला आणि विसरून जा."

घरी येऊन त्यांनी तो माझ्याकडून खिडकीसमोर लावून घेतला. आणि मास्तरांना म्हणाल्या, "माझ्यामागे तुमच्याच्यानं काही व्हायचं नाही, म्हणून असलं झाड आणलंय. पाणी घाला. हात लावू नका."

"मी काय हात लावणार!" मास्तर म्हणाले.

शेवटच्या महिन्यात त्यांची खाट स्वयंपाकघरात आणली, खिडकीला लागून. गुलाबाला तेव्हा पहिली कळी होती. त्यांनी मास्तरांना तीनदा विचारलं, पोरीला एकदा बोलावता का म्हणून. पहिल्यांदा मास्तर म्हणाले, बघू. दुसऱ्यांदाही म्हणाले, बघू. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुझ्या झाडाला फूल तर येऊ दे, मग बोलावतो. फुलासकट बघेल तुला." त्यांना हे बोलणं गोड वाटलं असणार. सासूबाई चार दिवस त्या कळीकडे बघत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी गेल्या. कळी त्यानंतर तीन दिवसांनी उमलली. ताईला निरोप गेला तेव्हा सगळं उरकलं होतं.

मास्तरांनी ते फूल तोडून सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवलं आणि तिथे उभे राहिले. बराच वेळ. मी भांडी घासत होते. त्या माणसाला मी रडताना पाहिलं, आणि मला त्याची दया आली नाही. आली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

तेव्हापासून तो गुलाब म्हणजे मास्तरांचा जीव. दुसरं काही राहिलंच नव्हतं त्यांच्याकडे. रोज सकाळी त्यातलं एक फूल फोटोपुढे जायचं. फूल नसलं की दिवसभर तोंड उतरलेलं. इथवर ठीक होतं. पण चौतीस वर्षं ज्याच्या हातात कात्री आहे तो माणूस नुसतं पाणी घालून थांबेल कसा? त्यांनी कुठून तरी गुलाबाची निगा सांगणारी एक पुस्तिका मिळवली. तिच्यात लिहिलं होतं की कलमाच्या खालून येणारी फूट जंगली असते, ती सगळा रस ओढून घेते, तिला ताबडतोब काढून टाकावं. मास्तरांनी त्या ओळीखाली खडूने रेघ ओढली. मग छाटणीची नवी कात्री आणली, गुलाबाच्या बुडाशी बसले, बोटाने चाचपून एक जाड गाठ शोधली, आणि शिंप्याच्या निळ्या खडूने तिथे झाडाभोवती रेघ मारली.

"ह्याच्या वरचं ते आपलं," त्यांनी मला खिडकीतून ऐकवलं. "ह्याच्या खालून येईल ते परकं. कळलं?"

रेघेखालून लालसर, रसरशीत दोन फुटी आलेल्या होत्या. मास्तरांनी त्या कापल्या. पुढच्या रविवारी आणखी एक आली, ती कापली. दर रविवारी चहा झाला की ते खडू आणि कात्री घेऊन बाहेर जायचे. पावसाने रेघ पुसली तर पुन्हा मारायचे, त्याच जागी, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

मला एका गोष्टीची शंका आली. कापून टाकलेल्या फुटींची पानं मी केरात भरताना बघायचे, आणि ती वरच्या पानांसारखीच असायची. म्हणून एक दिवस मी नर्सरीत गेले. झाडवाला कुंड्या भरत होता. मी विचारायला सुरुवात केली, 'क'वर आपटले, तो कुंड्या भरतच राहिला. वाक्य संपल्यावर म्हणाला, "वहिनी, त्याला कलमच नाही. दुसऱ्या झाडावर डोळा भरलेलं नाही ते. फांदी मातीत खोचून वाढवलेलं आहे. त्याचं वरचं-खालचं सगळं एकच. खालून येतं तेच त्याचं पुढचं झाड. वरच्या फांद्या दोनेक वर्षांत थकतात, मग खालच्यांनी जागा घ्यायची. ती फूट कापू नका म्हणावं. कापाल तर झाड जाईल."

मी घरी आले. रविवारच होता. मास्तर बुडाशी बसलेले, हातात कात्री. मी खिडकीशी उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, त्याला क... क... क..."

"कापू?" ते म्हणाले. "कापतोच आहे की." आणि कापलं.

"क... क... कल..."

"अगं, मी एक शर्ट बेतून येतो, तोपर्यंत होईल तुझं." स्वतःच हसले. आणि मान वर न करता म्हणाले, "ह्यातलं तुला समजत नाही. मध्ये बोलत जाऊ नकोस."

मी खण उघडला. खाकी कागद होता, पेन्सिल होती, टोक केलेलं होतं. चारच शब्द लिहायचे होते: याला कलम नाही, कापू नका. फार तर पाच. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'चहापत्ती संपली.' ती चिठ्ठी मी कपाखाली ठेवली. संध्याकाळी ते चहापत्ती घेऊन आले.

इथे मी अडखळण्याच्या आड लपू शकते. कुणी विचारलं तर सांगू शकते की मी प्रयत्न केला, त्यांनी बोलू दिलं नाही. खरं ते असं की पुढचं दीड वर्ष रोज तो खण माझ्या हाताशी होता. दर रविवारी मी सिंकपाशी उभी राहून बघायचे. कात्री मिटल्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? थंड पाणी प्यायल्यासारखं बरं वाटायचं. फुलाफुलांच्या मुलीसाठी एक, त्या 'बघू'साठी एक, शर्टासाठी एक. झाड सासूबाईंचं आहे हे मला आठवायचं. तरी मी पेन्सिलीला हात लावला नाही.

गुलाबाने पहिलं वर्ष काढलं. मग फुलं बटणाएवढी व्हायला लागली. मग झुपक्याच्या जागी एकटं फूल. मग फांद्या टोकाकडून तपकिरी होत खाली यायला लागल्या, आणि मास्तर घाबरले. त्यांनी वरूनही छाटलं, खत घातलं, चहाचा चोथा घातला, दुपारचं ऊन लागू नये म्हणून चार काठ्या रोवून त्यावर जुना शर्ट ताणला. त्या झाडाशी ते बोलायचे. "काय पाहिजे तुला? सांग ना, काय पाहिजे?" असं विचारायचे, इतक्या मऊ आवाजात. घरातल्या कुठल्या माणसाला त्यांनी हा प्रश्न विचारलेला मला आठवत नाही. मला विचारला नाही, ताईला तर नाहीच.

झाडावर पाच-सात पानं उरली तेव्हा एक दिवस ते खिडकीशी आले. गज धरून उभे राहिले आणि म्हणाले, "तुला काय वाटतं गं? काय होत असेल ह्याला?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला काय वाटतं! ते खरोखर उत्तरासाठी थांबले होते. डोळे लाल होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. डावा अर्धा इंच खाली.

ते पुन्हा झाडापाशी जाऊन बसले. पंधरा दिवसांत गुलाब वाळला. फांदी वाकवली की काटकीसारखी मोडायची. मास्तरांनी आठवडाभर वाट पाहिली, मग कुदळीने बुंधा काढला, मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मला म्हणाले, "चल. त्या झाडवाल्याला दाखवू. बिनकटकटीचं म्हणून रोगट झाड दिलं त्यानं हिला." ते मला बरोबर का घेऊन गेले कोण जाणे. बहुधा झाड आणलं तेव्हा मी होते म्हणून, साक्षीदार.

नर्सरीत त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र उघडलं. झाडवाल्याने बुंधा उचलला, फिरवून बघितला. बुडाशी कापल्याच्या खुणांची दाटी होती, एकावर एक, स्वच्छ, मास्तरांच्या हाताच्या. आणि त्यांच्यावर निळी रेघ.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"कलमाच्या खालची फूट काढायची असते," मास्तर म्हणाले. "पुस्तकात आहे."

"अहो मास्तर, पण ह्याला कलम कुठे आहे? हे फांदी खोचून वाढवलेलं झाड. तुम्ही दर वेळी झाडच कापत होता." मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या मनात काही नव्हतं, साधा माणूस. "वहिनींना सांगितलं होतं की मी. वर्ष होऊन गेलं असेल. नाही का हो वहिनी?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता ओरडतील, आता त्या शर्टाचं बोलणं काढतील. पण नाही. माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, आणि मला समजलं की ते माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघताहेत. मी काहीही सांगू शकले असते. सांगायला गेले होते, क वर अडकले, तुम्ही ऐकलं नाहीत. तेही खरंच होतं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. सरळ, सलग, एकाही जागी न अडता. 'म' माझा जुना मित्र.

मास्तरांनी मान हलवली. वर्तमानपत्राच्या घड्या बुंध्यावर पुन्हा घातल्या, जशा होत्या तशाच, आणि पुडकं काखेत मारून चालू लागले. ते फाटकाबाहेर गेल्यावर झाडवाला हळूच म्हणाला, "वहिनी, मातीत मुळाचा तुकडा राहिला असेल तर अजून येईल बरं का. अशी झाडं येतात. पाणी घालत राहा महिना-दोन महिने." हे मी मास्तरांना सांगितलं नाही. ही दुसरी वेळ.

त्यानंतर मास्तर बदलले. मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं. त्यांनी विचारायला सुरुवात केली. "पंखा लावू का?" "दार लोटून घेऊ का?" "आज दाढी करू का?" प्रत्येक गोष्ट मला, आणि विचारून झालं की माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. मी 'क'वर आपटले तरी थांबायचे. माझा आवाज बंद झाला की समजायचे झालं, आणि जे ऐकू आलं असेल ते करायचे. कात्र्या त्यांनी कपाटात वर टाकल्या, दोन्ही. नवरा म्हणाला, बाबा किती निवळले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

एका संध्याकाळी ते चौघांच्या फोटोखाली बसले होते. आपणहून म्हणाले, "झाड असतं तर पोरीला बोलावलं असतं. ये, तुझ्या आईचं फूल बघून जा, असं म्हणता आलं असतं. आता काय सांगून बोलवू? खड्डा बघायला ये म्हणू?"

मी दुसऱ्या दिवसापासून भांडी विसळलेलं साधं पाणी खिडकीतून त्या खड्ड्यावर ओतायला लागले, त्यांच्या नकळत. सतराव्या दिवशी तिथे गवतात लालसर टोक दिसलं. बोटाच्या पेराएवढं. दोन दिवसांनी त्याला पानं फुटली, आणि ती पानं मला ओळखू आली. दीड वर्ष मी तीच केरात भरली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पेन्सिल होती, कागद होता. पण मी एक बेत केला. त्या घरात इतकी वर्षं राहून मलाही बेतायची सवय लागली होती. फूट वीतभर होऊ द्यायची, मग मास्तरांना हात धरून बाहेर न्यायचं, दाखवायचं, आणि ताईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवायची. नंबर मी लिहूनही ठेवला खणात. आणि अजून एक, तेही सांगते: ती फूट चार दिवस एकट्या माझी होती, आणि मला ते आवडत होतं. त्यांना कशाला इतक्यात द्यायची, असं वाटत होतं.

पाचव्या दिवशी मी सिंकपाशी होते, कोपरापर्यंत साबण. मास्तर न सांगता पट्ट्यात उतरले. खुरपं घेऊन खाली बसले आणि एका टोकाकडून गवत काढू लागले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. गवत निघत गेलं, आणि ते खड्ड्यापाशी आले. त्यांची नजर आता अधू झालीय. ते वाकले, डोळे बारीक केले, बोटाने काहीतरी चाचपलं.

"अगं," त्यांनी मागे न बघता विचारलं, "इथे काहीतरी उगवलंय. तणच दिसतंय. उपटू का?"

मी मान हलवली. जोरजोरात हलवली. पण ते बघत नव्हते, ते ऐकत होते. कान माझ्याकडे केलेला, हात त्या फुटीभोवती. मी तोंड उघडलं.

"उपटू..."

एवढं सहज आलं. 'उ' आला, 'प' तर माझाच. पुढे 'नका' होतं, आणि जीभ टाळूला जाऊन चिकटली. मी ओढत होते, सगळ्या अंगाने ओढत होते. साबणाचे हात गजांवर आपटले, तर तेही ओले, आवाज झाला नाही. मास्तर थांबले. खरंच थांबले, हे मला त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पूर्वी कधी थांबले नव्हते इतके थांबले. मग त्यांना वाटलं, झालं.

"बरं," ते म्हणाले. खुरपं खोल घातलं, तण काढताना घालायचं असतं तसं, आणि मुळासकट उपटलं. मुळाचा तुकडा अंगठ्याएवढा होता. त्यांनी माती झटकली आणि सगळं टोपलीत गवतावर टाकलं.

"नका," माझ्या तोंडून निघालं.

ते वळले. "काय म्हणालीस?"

आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत थांबले. टोपली त्यांच्या पायाशी होती. पानं अजून ताठ होती. मी सांगितलं असतं तर त्यांनी ती फूट पुन्हा लावली असती, रोज तिच्यापाशी बसले असते, ती उन्हात काळी पडताना बघितली असती. किंवा जगलीही असती, कोण सांगणार. मला त्यांना वाचवायचं होतं की मला स्वतःला, ते मला आजही ठरवता येत नाही.

"हात धुऊन या," मी म्हटलं. "चहा होतोय."

हेही सलग आलं. मास्तर उठले, टोपली फाटकाशी कचऱ्यात उलटी केली, नळावर हात धुतले. मी खण उघडला आणि ताईचा नंबर लिहिलेला कागद त्या पेन्सिलीखाली अजून आत सरकवला. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात आले आणि ओले हात पुढे धरून उभे राहिले.

"टॉवेलला पुसू का?" त्यांनी विचारलं.